पाटीवरचे तीन तारे

चार नंबरच्या खोलीतल्या पाहुण्याने पलंगावरची गादी उचलून खाली डोकावलं, तेव्हाच गुणवंतरावांना संशय आला. मुक्कामाला आलेला माणूस गादीवर झोपतो, तिच्याखाली काय आहे ते पाहत बसत नाही.

"आपन कुठचे जी?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"नागपूरकडचा." पाहुण्याने न्हाणीघराचा नळ सोडून पाहिला. "पानी बारा महिने रायते?"

"रायते ना जी. बोअर हाये."

"बायायले पानी भरा नाई लागत?"

"नाई जी, मोटार हाये."

पाहुण्याने नुसती मान हलवली. लिहून घेतलं नाही, म्हणजे सगळं डोक्यात ठेवतोय, असं गुणवंतरावांनी ताडलं.

आलापल्लीच्या रस्त्यावरचं हे छोटं हॉटेल त्यांनी धानाची शेती सांभाळत उभं केलं होतं. रंगाऱ्याने पाटी रंगवली आणि म्हणाला, नुसतं नाव बोडकं दिसते, तीन तारे टाकून देतो. जंगल पाहायला येणारी मंडळी ताऱ्यांकडे बघून खूश होऊन आत शिरायची. मग मुलगा प्रवीण कुठेतरी वाचून आला. "बाबा, तारे आपन नसते लावाचे. हाटेलवाल्यानं अर्ज करा लागते. मंग सरकारची समिती येते, खोल्यायचं माप घेते, सैपाकखोली, सफाई, आग विझवाची सोय पाहते, आन् मंग देते. आपले तर खोटे हायेत." त्यात बाजारात कोणीतरी तिखटमीठ लावलं, की तपासणारा साहेब गुपचूप पाहुणा बनून येतो आणि खोटं सापडलं की हॉटेलला कुलूप. तेव्हापासून गुणवंतरावांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. तारे पुसायला रंगारी हवा होता, तर तो वडशाला झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवत बसलेला.

त्यांच्या बायकोला, रंभाबाईंना, ताऱ्यांचं सुखदुःख नव्हतं. वडशाची मयुरी सून म्हणून त्यांच्या मनात भरली होती, प्रवीणही तिच्यासाठी झुरत होता. मुलीकडच्यांचा होकार तेवढा यायचा होता.

नेमका प्रवीण गाद्या आणायला चंद्रपूरला गेलेला. पाहुणा जेवणाआधीच स्वयंपाकघरात शिरला. भांड्यांवरून बोट फिरवलं, चुलीमागच्या भिंती पाहिल्या.

"पिनारं कोनी हाये का इथी?"

"दारूबंदीचा जिल्हा हाये साहेब."

"बंदी त कागदावर रायते," पाहुणा म्हणाला आणि मागच्या अंगणात गेला. तिथे त्याने धानाच्या पोत्यात हात घातला, मूठभर दाणे तळहातावर घेऊन चोळले.

रंभाबाईंनी नवऱ्याला कोपऱ्यात ओढलं. "हा तारेवाला साहेब धान काऊन पाहून राह्यला जी?"

"चूप राय. कोठारबी तपासत असतीन."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. ऊन कलल्यावर गुणवंतरावांनी शिडी लावली आणि पाटीच्या तारे असलेल्या टोकावर गोणपाट बांधायला घेतलं. खाली पाहिलं, तर पाहुणा उभा.

"काय झाकून राह्यले भाऊ?"

"रंग उडाला जी."

"उतरा." पाहुण्याने शिडी धरली. "हाटेल तुमचंच न?"

गुणवंतराव शिडीवरच थिजले. अर्धं आयुष्य या भिंतींत गेलं होतं. उद्या दाराला कुलूप लागलं तर प्रवीणने करायचं काय, या विचाराने त्यांना भरून आलं.

"नाई जी," ते म्हणाले. "मी पगारी मानूस. मालक नागपूरले रायते. तारे त्यायनंच लावले."

"आन् मागचं धान?"

"तेबी त्यायचंच. शेतीबी त्यायचीच." एकदा खोट्याला पाय फुटले की ते थांबत नाही. "मी, बायको, पोरगा, सारेच त्यायच्याकडे राबतो. आमचं इथी काईच नाई साहेब."

पाहुण्याचा चेहरा उतरला. "अस्सं," एवढंच म्हणून तो खोलीत गेला.

सकाळी चहासुद्धा न घेता तो एसटीने निघून गेला. आता साहेब अस्तित्वातच नसलेल्या मालकाला नागपुरात शोधत फिरतील, या विचाराने गुणवंतरावांना हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी त्यांना मोकळं वाटत होतं. "गोडाचं कर," त्यांनी रंभाबाईंना सांगितलं.

रवा भाजत असताना वडशाहून फोन आला. रंभाबाईंनी हात पुसत तो घेतला. ऐकता ऐकता त्या जमिनीवरच बसल्या. कढईतला रवा करपला तरी त्यांना कळलं नाही. फोन बंद झाला, तेव्हा गुणवंतराव समोर उभे होते.

"मयुरीचे मामा राहून गेले म्हन्ते जी आपल्याइथी. नाई म्हनून सांगतलं. हाटेल दुसऱ्याचं, शेती दुसऱ्याची, आन् आपलं म्हनून सांगत फिरते, असल्या लबाडाच्या घरात पोरगी नाई देत म्हन्ते."