फणसाखालचा अर्धा तास

“अब्बा, तुम्ही रोज फणसाशी काय बोलता?”

हिंमत असेल तर विचारून दाखव, असं माझ्या मैत्रिणी फिजा आणि प्रणिता म्हणाल्या, म्हणून मी रात्री जेवताना विचारूनच टाकलं. धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट सुटली की अब्बा आधी घरात येत नाहीत. स्कूटर लावून थेट परसात जातात, फणस आणि आंब्याच्या मधे अर्धा तास बसतात आणि मग हसत आत येतात.

अब्बा चक्क लाजले. “बोलत नाय गो. मशीनचा आवाज, साहेबाची बोलणी, सगळं डोक्यात असतं. ते तिथं उतरवतो नि मग घरात येतो.”

“मीच सवय लावली,” अम्मी आतून म्हणाली. “पूर्वी आल्या आल्या माझ्यावर ओरडायचे. म्हटलं, आधी झाडांत बसा, मग उंबरा ओलांडा.”

दहावीला मला वेगळी खोली हवी होती. दोन वर्षं मी मागे लागले होते. परसात ती बांधायची म्हणून रविवारी दोन्ही झाडं तोडायची होती, आणि अब्बा एका शब्दात हो म्हणाले होते.

“मग रविवारनंतर कुठं बसणार?”

“तुझ्या खोलीत. तू जरा गप्प बसशील तर.”

मी ताट सरकवून उभीच राहिले.

“अम्मी, अब्बा, माझं ठरलंय. झाडं तोडणाऱ्याला येऊ नको म्हणून सांगा. दहावीचा अभ्यास मी फणसाखाली करणार. आणि अब्बा आले की अर्धा तास एक शब्द बोलणार नाही.”