जळतंय कुठे?

रोसनीदाच्या गालांच्या आतले चट्टे वर्षानुवर्षं जात नव्हते. तिखटाचा कण लागला तरी आग व्हायची. शेवटी बुकितिंगी शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी चांगल्या जिवाणूंच्या गोळ्या चघळायला दिल्या. म्हशीच्या दुधाचं बांबूत लावलेलं दही असतं ना, त्यातलेच जिवाणू. चट्टे फिके पडले. "आता थोडं तिखट खाऊन बघा," बाई म्हणाल्या. "गालात आग झाली, तर तुकडा काढून तपासावा लागेल."

नवऱ्याने, स्याफ्रिलने, भातावर लाल मिरचीचा ठेचा वाढला. तिने भीतभीत घास घेतला आणि ताट बाजूला सारलं.

"अहो उदा, जळतंय. आता तुकडा काढणार." नवऱ्याला ती उदा म्हणायची.

स्याफ्रिलने तिच्याच ताटातला घास तोंडात टाकला. त्याला जोराचा ठसका लागला, डोळे वाहू लागले.

"मलाही जळतंय. जिभेवर. तुझं कुठे, गालात?"

तिने जीभ गालांवरून हळूहळू फिरवली. "नाही. जिभेवरच." मग त्याच्याकडे बघत राहिली. "पण तुम्ही तर रोज दुपारी खानावळीत जेवता. तिथे सगळंच तिखट."

तो पाणी प्यायला. "तू तिखट सोडलंस तेव्हापासून तिथे मी नुसता भात आणि उकडलेलं अंडं खातो."