सगळ्या नट्यांचा आवाज

"मास्तर, नव्या डिस्कवर चित्र आरशासारखं, आणि तुम्हाला ही बुरसटलेली कॅसेट हवी?" थोआबाई हसल्या. कॅब्रामाटा या आमच्या व्हिएतनामी वस्तीतलं शेवटचं व्हिडिओ दुकान त्यांचं. मी साप्ताहिकात हाँगकाँगच्या चित्रपटांची परीक्षणं लिहितो. त्यांना वाटलं, त्यासाठीच हवी असेल. पण कॅसेटवरच्या चित्रपटात सगळ्या नट्यांचे व्हिएतनामी संवाद एकट्या लिएनने, माझ्या बायकोने, म्हटले होते. ती गेल्या महिन्यात वारली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. कॅसेट लावली, तर भलतीच मालिका सुरू झाली. थोआबाई ओशाळल्या. "परत आलेल्या कॅसेटवर आम्ही नव्या मालिका भरायचो हो." त्यांनी फीत पुढे पळवली. फितीच्या शेवटी पुसायचा राहिलेला जुना चित्रपट क्षणभर दिसला. खाष्ट सासू लिएनच्या आवाजात जावयावर ओरडली, "चालता हो! पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस!" थोआबाईंनी आवाज ओळखला आणि घाईने टीव्ही बंद केला. "फीत मागे घ्या," मी म्हणालो. "ओरडू दे तिला."