मधलं दार

"मालक, टीव्हीचं युनिट मधल्या दाराला लावूनच बसवू न्हवं?" नागेंद्र सुतारानं विचारलं.

त्या दारापलीकडं थोरल्या अण्णांचं घर. कंग्राळीतलं शेत वाटून घेतल्यापासून दाराला दोन्हीकडून कडी आणि आमचं बोलणं बंद.

"व्हय. आणि मागं जाड फोम भर. होम थिएटरचा आवाज तिकडं जायला नको. उगं नवं भांडण."

दिवाळीला सागवानी युनिट झक्क बसलं. दार दिसेनासं झालं.

सहा महिन्यांनी अण्णा वारले. तेराव्याला वैनींसमोर जाऊन बसलो, तर त्यांच्या बाजूनं त्याच दाराशी एक खुर्ची दिसली.

"वैनी, आमच्या टीव्हीचा कधी तरास झाला न्हाय न्हवं?"

"तरास कसला, भावजी? मॅच असली की हे तिथं दाराला कान लावून बसायचे. चौकार मारला की तुम्ही अजून ल्हानपणागत वरडता, ते ऐकायला." वैनी जरा हसल्या. "दिवाळीपासनं ह्यास्नी तुमचं काय ऐकूच येईना. माझं कान गेलं म्हणाले, आणि बेळगावला जाऊन मशीन लावून आले."