दोन चांदण्या

"भिंत इथूनच घ्यायची म्हणता?" खडू हातात धरून मिस्त्रींनी विचारलं.

"इथूनच. बरोब्बर मधून," थोरला म्हणाला. "इंचभरही इकडेतिकडे नको."

"नकोच," धाकट्यानं री ओढली. कित्येक महिन्यांनी दोघा भावांचं एकमत झालं होतं.

मिस्त्रींनी उकिडवं बसून रेघ ओढली. ती थेट चांदणीच्या पोटातून गेली.

नक्षी त्यांनी आधीच जमिनीवर आखली होती. सगळीकडे पांढरी फरशी, मधोमध निळी चांदणी. हॉल अठरा बाय बारा, फरशी फूटभराची. दोनशे सोळा. तुटफुटीला चोवीस. झाल्या दोनशे चाळीस.

हा हिशोब अखंड हॉलचा.

भिंत नको, हे त्यांनी तोंडानं सांगून पाहिलं होतं. कुणी मनावर घेतलं नव्हतं. आता फरशांनी सांगितलं तरच.

"चांदणी कापली जाईल," ते म्हणाले.

"मग दोन करा," धाकटा म्हणाला. "त्याला त्याची, मला माझी."

"आणि त्याची माझ्याहून मोठी नको," थोरला म्हणाला.

"बघा! आता चांदणीवरही डोळा."

थोरल्याची बायको चहा घेऊन आली. "बिनसाखरेचा आहे," कप मिस्त्रींच्या हाताशी ठेवत ती म्हणाली. "आणि या दोघांचं ऐकत मोजू नका. आकडा चुकेल."

मिस्त्री हसले. पुन्हा मोजायला लागले. अर्धा हॉल. त्यातून भिंतीची जाडी वजा. कडेची एक ओळ कापावी लागणार, पण फरशा तेवढ्याच.

एकशे आठ. तुटफुटीसकट एकशे वीस.

दोन्हीकडच्या मिळून परत दोनशे चाळीसच. भिंतीनं एक फरशी वाढत नव्हती.

उभ्या जन्मात त्यांनी कुणाला फुगवून आकडा सांगितला नव्हता.

"प्रत्येकी दीडशे," ते म्हणाले. "भिंत आली की कापाकापी आली. साठ फरशा नुसत्या कचऱ्यात जाणार. अजून विचार करा."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मिस्त्रींनी श्वास रोखून धरला.

"जाऊ देत," थोरला म्हणाला. "रोजच्या कटकटीपेक्षा कचरा परवडला."

"मीही तेच म्हणणार होतो," धाकटा म्हणाला.

मिस्त्रींनी खडू खिशात टाकला. चहा कधीच निवला होता. त्यांनी तो तसाच एका घोटात संपवला.

"म्हणजे सगळं ठरलं तर," थोरल्याची बायको म्हणाली.

"एक राहिलं." धाकट्यानं घसा खाकरला. मिस्त्रींकडे न बघताच तो म्हणाला, "भिंत उभी राहिली की तुमची कॉट कुणाच्या बाजूला टाकायची, बाबा?"