समोरच्या घराची खुर्ची

"ऊठ, खुर्ची सोड!" आईने पोराला दंडाला धरून उठवलं. "मास्तरीणबाईंनी घंटा दिली."

"अकराला देणार होत्या ना?"

"त्यांचं घड्याळ कायम घोड्यावर. जा आधी आत."

पोरगा तोंडातल्या पावासकट कपाटामागच्या फळीआड गेला. आघाडीवरून पळून आला, त्याला आता दीड वर्ष झालं होतं. गल्लीच्या लेखी तो बेपत्ता होता. पाय मोकळे करायला तो खोलीत चालायचा, तेव्हा पावलं ऐकू जाऊ नयेत म्हणून आई शिलाई मशीन चालवत बसायची. लोक म्हणायचे, काकूने दुःख कामात बुडवलं.

काल युद्ध संपल्याचं जाहीर झालं. त्याच दमात हेही जाहीर झालं, की सैन्यातून पळालेल्यांना माफी नाही. सापडेल त्याला गोळी.

आईने खुर्ची उचलली आणि जिना उतरली. नेण्यासारखी ही एकच होती. बाकीच्या गेल्या थंडीत चुलीत गेल्या होत्या. हिच्यावर तिने स्वतः शिवलेली लोकरीची जाड गादी होती.

गल्ली ओळखू येत नव्हती. बायका खिडक्यांवरचे काळे कागद टराटरा फाडून खाली उधळत होत्या. ज्यांचं चार वर्षं एकमेकींशी पटलं नाही, त्या गळ्यात गळे घालून रडत होत्या. न्हाव्याने माळ्यावरचा ट्रंपेट काढला होता आणि तो असा वाजवत होता, की त्यापेक्षा युद्ध परवडलं.

पण आज गल्लीच्या एकत्र जेवणाआधी मास्तरीणबाईंनी एक नेम घालून दिला होता. ज्या घरचा मुलगा परतला नाही, त्या घराने त्याची बसायची खुर्ची आणून रस्त्याच्या मधोमध मांडायची. मग समोरासमोरच्या घरांनी एकमेकांच्या खुर्चीवर हात ठेवून एक मिनिट गप्प उभं राहायचं. दुसऱ्याचं दुःख आपल्या हाताला कळावं, असं त्यांचं म्हणणं. बाईंपुढे बोलायची कोणाची टाप नव्हती.

आणि आईच्या समोरचं घर होतं भरतीसाहेबाचं.

या गल्लीतून त्याने तीन पळालेले पोरगे ओढून काढले होते. एकाला तर पिठाच्या कोठीतून. लोक दातओठ खात, पण बोलणार काय? त्याचा स्वतःचा एकुलता एक मुलगा पहिल्याच लढाईत गेला होता. मृतदेहही आला नाही, नुसतं पत्र आलं. बायको आधीच गेलेली. एकटा राहायचा, एकटा रांधायचा. पाववाली म्हणायची, दुःखाने लोकांची भूक मरते, या मेल्याची दुप्पट झालीय.

साहेब धावतपळतच आला. कोटाची बटणं वरखाली लागलेली, खुर्ची छातीशी धरलेली. न्हावी हात लावायला गेला तर त्याच्यावर खेकसला. दोन्ही खुर्च्या शेजारी शेजारी लागल्या. आईने आपल्या गादीवरून हात फिरवला. लोकर ऊब सोडत नव्हती. थोडा वेळ मिळायला हवा होता, अगदी थोडा.

मास्तरीणबाईंनी हात वर केला. ट्रंपेट थांबला. थंडी अशी, की प्रत्येकाचा श्वास दिसत होता.

साहेबाने आईच्या खुर्चीवर हात ठेवला. तो हात थबकला. मग बोटं गादीत रुतली.

"बाई," तो ओठ न हलवता म्हणाला, "खुर्ची गरम आहे."

"शेगडीपाशी होती, साहेब."

"तुमच्या धुराड्यातून चार दिवस धूर नाही. समोर राहतो मी."

वर खिडकीकडे बघायचं नाही, एवढं एकच आईने मनाशी घट्ट धरलं. साहेबाचा दुसरा हात गळ्यातल्या शिट्टीकडे गेला. ती शिट्टी वाजली की काय होतं, हे या गल्लीने तीनदा पाहिलं होतं.

"माझा एकच आहे हो," ती पुटपुटली. आहे म्हणाली, होता म्हणाली नाही. ते तिच्या उशिरा लक्षात आलं.

साहेबाने शिट्टी मुठीत धरली. फुंकली नाही.

"लोक बघतायत," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "तुम्ही हात ठेवलाच नाहीत अजून. ठेवा, वहिनी."

युद्ध सुरू झाल्यापासून त्याने तिला वहिनी म्हटलं नव्हतं.

आईने हात पुढे केला आणि त्याच्या मुलाच्या खुर्चीवर टेकवला. गादी मधोमध दबलेली होती, आणि तिच्या गादीपेक्षाही गरम होती.