भाव वधारला

जावई कंपनीत वेल्डर होता आणि सासरे त्याच कंपनीचे भागधारक. राहायचे मात्र जावयाच्याच घरी. कंपनी डबघाईला आली तसे ते रोज सकाळी चहा पिताना त्याला विचारायचे, "काय जावईबापू, शेअर विकू की ठेवू?"

"विकून टाका, बाबा. दोन भट्ट्या बंद पडल्यात. उधारीवर कोणी साधा पत्राही देत नाही."

"तुम्ही आपलं वेल्डिंग करा. बाजार कळायला डोकं लागतं." मग मुलीकडे वळून म्हणायचे, "कंपनी बुडतेय ती असल्या रडतोंड्यांमुळे."

गुरुवारी अकराच्या सुमारास भाव एकदम उसळला. सासरे खुर्चीतून टुणकन उठले. "बघ! मी म्हणत नव्हतो? कंपनीनं आज नऊशे माणसं काढली. ऐतखाऊ सगळे! एवढा भुईला भार उतरल्यावर भाव चढणार नाही तर काय?"

मुलगी दाराकडे बघत होती. दारात तिचा नवरा उभा होता, भर कामाच्या वेळी. हातातल्या पिशवीतून वेल्डिंगचा मुखवटा डोकावत होता. सासऱ्यांना एवढंच दिसलं, की विचारायला माणूस आला.

"या, या! आता बोला, विकू की ठेवू?"

जावई खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला. उत्तर मुलीनं दिलं.

"विका, बाबा. एक तारखेला या घराचं भाडं तुम्हालाच भरायचंय."